कान वारंवार बिघडतोय? औषधाआधी कारण शोधा: पाळीव प्राण्यांची नियमित तपासणी आणि कानांची निगा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात लोंबत्या कानांचा पाच वर्षांचा कुत्रा आणि एक मांजर. कुत्र्याचा कान वर्षातून तीन-चारदा बिघडतो. मागच्या वेळचे उरलेले ड्रॉप्स घातले की आठवड्याभरात बरा वाटतो आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच सुरू होतं. मांजराची काहीच तक्रार नाही. मग दोघांना दरवर्षी तपासणीला न्यायची खरंच गरज आहे का, आणि कान घरी कशाने, किती वेळा साफ करायचे?

आधी कानाचं सांगतो, कारण खरी अडचण तिथे आहे. पुन्हा पुन्हा बिघडणारा कान हा बहुतेक वेळा नुसत्या कानाचा आजार नसतो. कानाची नळी म्हणजे आत वळलेली त्वचाच. अंगावरच्या त्वचेत जे बिनसतं ते या बंद, उबदार, ओलसर नळीत आधी आणि जास्त जोरात दिसतं. कुत्र्यांमध्ये यामागचं सगळ्यात नेहमीचं कारण ॲलर्जी असतं. ती हवेतल्या परागकणांची, घरातल्या धुळीतल्या किड्यांची असू शकते, नाहीतर खाण्यातल्या एखाद्या प्रथिनाची. ॲलर्जीने नळीची त्वचा सुजते, मळ जास्त तयार होतो, ओल टिकते आणि त्यावर एरवीही थोड्या प्रमाणात तिथेच राहणारे यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आणि जिवाणू माजतात. ड्रॉप्स या माजलेल्या जंतूंना मारतात. सूज आणणारं मूळ कारण जागच्या जागीच राहतं, म्हणून दोन महिन्यांनी सगळं परत येतं. काही कुत्र्यांत ॲलर्जीचं लक्षण फक्त कानातच दिसतं. पंजे चाटणं, पोटाला लाली, गुदद्वार घासत चालणं, यातलं काहीही नसलं तरी ॲलर्जी नाही असं म्हणता येत नाही.

कानाची रचना माहीत असेल तर पुढचं सगळं सोपं जातं. माणसाची नळी जवळजवळ सरळ आत जाते. कुत्र्या-मांजराची आधी खाली उतरते आणि मग आतल्या बाजूला वळते, एल अक्षरासारखी. पडदा या वळणाच्या पलीकडे असतो, म्हणून बॅटरी मारून घरी तो दिसत नाही. निरोगी कानात पडद्यापासून बाहेरच्या दिशेने त्वचेच्या पेशी हळूहळू सरकत असतात आणि मळ आपोआप बाहेर आणून टाकतात. हीच व्यवस्था कान स्वच्छ ठेवते. त्यामुळे निरोगी कानाला बाहेरून साफसफाईची सहसा गरजच नसते. आत फिकट गुलाबी त्वचा, थोडा पिवळसर मळ, वास नाही, हात लावला तर कुत्रा मान काढून घेत नाही, असा कान असेल तर त्याला हात लावू नका. उगाच दर दोन दिवसांनी द्रव घालत राहिलात तर त्वचा भिजून मऊ पडते आणि नसलेला संसर्ग आपणच ओढवून घेतो.

बघणं मात्र नेमाने हवं. आठवड्यातून एकदा, उजेडात, दोन्ही कान. कानाची पाळी वर उचलायची, आत बघायचं आणि नाक जवळ नेऊन वास घ्यायचा. वासाला कमी लेखू नका, बिघाड डोळ्याला दिसण्याआधी बऱ्याचदा नाकाला कळतो. मग कानाच्या मुळाशी, गालाच्या वर, दोन बोटांनी नळी हलकेच दाबून बघायची. निरोगी नळी लवचिक, रबरी नळीसारखी लागते. जुना आजार असेल तर ती जाड, कडक लागते आणि कुत्रा कुरकुरतो. सुरुवातीला हे सगळं एकेका खाऊच्या तुकड्यासोबत करा, म्हणजे कान धरला की काहीतरी वाईट होणार ही भीती बसत नाही.

आता मागच्या वेळच्या ड्रॉप्सबद्दल. ही सवय सोडाच. कुत्र्यांच्या बहुतेक ड्रॉप्समध्ये तीन गोष्टी एकत्र असतात: एक अँटिबायोटिक, एक यीस्टवरचं औषध आणि एक स्टेरॉइड. स्टेरॉइडमुळे दोन-तीन दिवसांत सूज आणि खाज उतरते, कुत्रा शांत होतो आणि आपण औषध थांबवतो. जंतू मात्र अर्धवट मेलेले असतात आणि उरलेले त्या अँटिबायोटिकला दाद देईनासे होतात. तीन-चार वेळा असं झालं की स्यूडोमोनाससारखा चिवट जिवाणू तिथे घर करतो आणि मग नेहमीचं कुठलंच औषध चालत नाही. दुसरा धोका पडद्याचा. जेन्टामायसिनसारखी काही औषधं फाटलेल्या पडद्यातून मध्यकर्णात आणि तिथून आतल्या कानात गेली तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं, तोल बिघडू शकतो. पडदा शाबूत आहे की नाही हे ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने, बघितल्याशिवाय कळत नाही. माणसांचे ड्रॉप्सही याच कारणाने वर्ज्य.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय व्हायला हवं ते माहीत असू द्या, म्हणजे काय मागायचं ते कळेल. ऑटोस्कोपने दोन्ही कान बघितले जावेत, आधी बरा आणि मग दुखरा, आणि दोन्हींसाठी वेगळं टोक. उलट क्रमाने केलं तर दुखऱ्या कानातले जंतू बऱ्या कानात जातात, शिवाय एकदा दुखल्यावर कुत्रा दुसरा कान बघूच देत नाही. त्यानंतर सायटॉलॉजी. कापसाच्या काडीने नळीतला मळ घेऊन काचपट्टीवर गोल फिरवत पसरायचा, रंग द्यायचा आणि तेल लावून 100 च्या भिंगाखाली बघायचं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. यीस्ट जांभळे, मधे चिमटलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखे दिसतात. गोल जिवाणू ठिपक्यांसारखे, दांड्यासारखे जिवाणू वेगळेच. सोबत पांढऱ्या पेशी किती आहेत तेही दिसतं. यीस्ट असेल तर एक औषध, गोल जिवाणू असतील तर दुसरं, आणि दांडे दिसले की कल्चर करून (जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून) मगच अँटिबायोटिक निवडणं शहाणपणाचं. नुसतं वरून बघून आणि वास घेऊन औषध दिलं गेलं तर सायटॉलॉजीबद्दल जरूर विचारा. त्यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही.

मळाचा रंग अंदाज देतो, निदान देत नाही. तपकिरी, चिकट, आंबूस वासाचा मळ बहुतेकदा यीस्टचा. पिवळा-हिरवा, पातळ, उग्र घाण वासाचा स्राव आणि कानाला हात लावू न देण्याइतकं दुखणं असेल तर स्यूडोमोनासची शंका घ्यावी. कॉफीच्या चोथ्यासारखा काळा, कोरडा, भुरभुरीत मळ म्हणजे ओटोडेक्टिस नावाचे कानातले माइट, म्हणजे बारीक परजीवी किडे. पण इथे एक गल्लत फार होते: मोठ्या कुत्र्याचा काळा मळ दिसला की लगेच माइट ठरवून त्यावरचं औषध सुरू होतं. माइट मुख्यतः मांजरांत, त्यातही पिल्लांत सापडतात. मोठ्या कुत्र्यात काळपट मळ बहुधा यीस्टचाच निघतो. काचपट्टीवर थोडं तेल घेऊन त्यात मळ कालवून कमी ताकदीच्या भिंगाखाली बघितलं की माइट चालताना दिसतात, शंकेला जागा राहत नाही. माइट सापडलेच तर घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करायचा, कारण ते एकमेकांकडून लागतात. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवस ड्रॉप्स घालून थांबलात तर नवी पिढी तयारच असते. हल्ली मानेवर टाकायच्या सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिनसारख्या औषधांनी हे काम बरंच सोपं झालं आहे. एकच इशारा: कुत्र्यांसाठीचं पर्मेथ्रिन (हे एक कीटकनाशक) असलेलं कोणतंही औषध मांजराला लावू नका, ते तिच्या जिवावर बेततं.

कान साफ कधी करायचा? वरचेवर मळ साठणाऱ्या कुत्र्याचा आठवड्यातून किंवा पंधरा दिवसांतून एकदा, पोहल्यावर किंवा आंघोळीत पाणी गेल्यावर एकदा, आणि संसर्ग असेल तेव्हा डॉक्टर सांगतील तितक्यांदा. लोंबते कान, अरुंद नळी किंवा आत दाट केस असलेल्या जातींना हे जास्त लागतं. कॉकर स्पॅनियलच्या नळीत मळ तयार करणाऱ्या ग्रंथीच जास्त असतात, शार-पेची नळी मुळातच अरुंद. पण लोंबता कान हे एकट्याने आजाराचं कारण नसतं. ॲलर्जी किंवा दुसरं काही असेल तेव्हा तो ते वाढवतो. म्हणून कान लोंबता आहे म्हणून असं होणारच, यावर समाधान मानून बसू नका.

क्लीनरही सगळे सारखे नसतात. मळ घट्ट असेल तर तो विरघळवणारा लागतो, ज्यात स्क्वालीन किंवा डॉक्युसेटसारखे घटक असतात. पोहणाऱ्या, ओल्या राहणाऱ्या कानाला सॅलिसिलिक किंवा लॅक्टिक आम्ल असलेला, ओल सुकवणारा बरा. यीस्टचा त्रास असेल तर जंतुरोधक घटक असलेला. पडदा फाटला असण्याची शंका असेल तर यातला कुठलाच नाही. तिथे डॉक्टर निर्जंतुक सलाइन किंवा ट्रिस-ईडीटीए वापरतात. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर, टी-ट्री तेल यांना हात लावू नका. सुजलेल्या किंवा जखमा असलेल्या नळीत पहिली तिन्ही जबर झोंबतात आणि टी-ट्री तेल कुत्र्या-मांजरांना विषारी आहे. खायचं तेल घालून आराम पडल्यासारखा वाटतो, पण ते आत तसंच राहतं, मळ धरून ठेवतं, आणि मालासेझिया हा कानातला यीस्ट तर चरबीवरच जगतो.

आता प्रत्यक्ष साफसफाई. जागा अशी निवडा की भिंतीवर शिंतोडे उडाले तरी चालेल. बाटली आधी पाच-दहा मिनिटं मुठीत किंवा कोमट पाण्यात धरून द्रव अंगाच्या उष्णतेइतका होऊ द्या. गार द्रवाने कुत्रा दचकतो आणि क्वचित त्याला चक्करही येते. कुत्र्याला भिंतीला पाठ लावून बसवा. पाळी वर आणि किंचित बाहेर ओढून धरा, म्हणजे नळीचं वळण थोडं सरळ होतं. बाटलीचं टोक कानाला न टेकवता द्रव घाला, नळी भरलेली वरून दिसेपर्यंत. दोन थेंब घालून उपयोग होत नाही, ते वळणापर्यंतही पोचत नाहीत. पाळी न सोडता कानाच्या मुळाशी अंगठा आणि दोन बोटांनी वीस-तीस सेकंद चोळा. आतून पचपच असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर द्रव कमी पडलाय किंवा बोटं चुकीच्या जागी आहेत, जरा खाली, जबड्याच्या कोपऱ्याकडे सरका. मग पाळी सोडा आणि मागे व्हा. कुत्रा डोकं झटकेल आणि खोलवरचा मळ त्या झटक्याने वर येईल. हे काम त्यालाच करू द्या. वर आलेला मळ बोटाला गुंडाळलेल्या गॉजने किंवा कापसाच्या बोळ्याने पुसून घ्या, बोट जितकं सहज जाईल तितकंच. दुसऱ्या कानाला नवा बोळा. बोळा बराच काळा आला तर एकदा परत करा, तिसऱ्यांदा नको.

कापसाच्या काड्या पाळीच्या वरच्या घड्यांपुरत्या ठीक. नळीत घातली की काडी मळाला दट्ट्यासारखी खाली रेटते आणि तो पडद्यापाशी घट्ट बसतो. कानातले केस उपटणं हाही असाच गैरसमज. निरोगी कानातले केस ओढून काढले की प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक जखम होते, तिथेच दाह सुरू होतो. केसांत मळ अडकून नळी बुजली असेल तरच ते काढावेत, तेही डॉक्टरांनी. ग्रूमिंगला कुत्रा देताना हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर तिथे केस उपटणं हा नेहमीच्या कामाचाच भाग धरतात.

ड्रॉप्स लिहून दिले असतील तर आधी साफसफाई, मग अर्धा तास थांबून औषध. मळात औषध अडकतं आणि पू असेल तर काही अँटिबायोटिक निकामी होतात, म्हणून स्वच्छ कानातच ते घालायचं. मात्र थोडा ओलावा निथळू द्या, नाहीतर औषध पातळ होतं. उपचार फसण्याचं एक मोठं कारण प्रमाण कमी पडणं हे आहे. बाटलीवर थेंब लिहिलेले असतात आणि कुत्रा हलल्यामुळे निम्मे पाळीवर सांडतात. मोठ्या कुत्र्याच्या एका कानाला साधारण 1 मिली., लहानाला 0.4 ते 0.5 मिली. औषध लागतं. डॉक्टरांना मिलीमध्ये प्रमाण विचारा आणि सुई काढलेल्या 1 मिलीच्या सिरिंजने मोजून घाला, अंदाज उरत नाही. नंतर पुन्हा चोळायचं. काही औषधं दवाखान्यातच एक-दोनदा भरतात आणि ती महिनाभर आत काम करत राहतात. अशा वेळी घरी कान धुतलात तर सगळं औषध वाहून जाईल, तेव्हा धुवायचं की नाही हे निघण्याआधी विचारून घ्या.

वास गेला, खाज थांबली म्हणून औषध बंद करू नका. दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी आणि पुन्हा सायटॉलॉजी. काचपट्टी स्वच्छ आली की थांबायचं. ही दुसरी फेरी लोक हमखास टाळतात आणि कान परत बिघडण्याचं निम्मं कारण तिथेच असतं. नळी सुजून बंद झालेली असेल तर ड्रॉप्स आत पोचतच नाहीत. तेव्हा आधी आठवडा-दोन आठवडे तोंडाने स्टेरॉइड देऊन नळी उघडावी लागते. भूल देऊन खोलवर धुलाई करावी लागेल असं डॉक्टर म्हणाले तर दचकू नका. जागेपणी दुखऱ्या कानाची नीट धुलाई होत नाही आणि भुलेखाली पडदाही स्पष्ट बघता येतो.

तुमच्या कुत्र्यासाठी पुढची पायरी म्हणजे कारण शोधणं. वर्षातून तीन-चार वेळा म्हणजे योगायोग नव्हे. बिघाड ठरावीक ऋतूतच होत असेल तर परागकणांकडे बोट जातं. बारमाही असेल तर घरातली धूळ किंवा खाणं. खाण्याची शंका तपासायला रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचण्यांवर पैसे घालवू नका, त्या भरवशाच्या नाहीत. किमान आठ आठवडे पूर्वी कधीच न खाल्लेल्या प्रथिनाचा किंवा हायड्रोलाइज्ड (बारीक तुकड्यांत फोडलेल्या) प्रथिनाचा आहार द्यायचा आणि त्याखेरीज काहीही नाही. ना घरच्यांच्या ताटातला घास, ना चवीची जंतगोळी, ना मांजराच्या भांड्यातलं उरलेलं. या शेवटच्या गोष्टीमुळे कित्येक चाचण्या वाया जातात, तेव्हा मांजराला उंचावर खायला द्या. आठ आठवड्यांत कान सुधारला तर जुनं खाणं परत सुरू करायचं; दोन आठवड्यांत त्रास परतला तर निदान पक्कं. खाण्याचा संबंध नसेल तर वातावरणातल्या ॲलर्जीचा दीर्घ इलाज आहे, आणि त्यात कानाची ठरलेली साफसफाई कायमची येते. मध्यमवयीन कुत्रा सुस्त झाला असेल, जास्त न खाता वजन वाढत असेल, केस विरळ होत असतील तर थायरॉइडची तपासणीही करून घ्या. एकाच कानाला, तेही अचानक, फिरून आल्या आल्या जोरात डोकं झटकणं सुरू झालं तर गवताचं कुसळ गेलेलं असण्याची शक्यता मोठी. ते घरी काढायला जाऊ नका.

आता मांजराकडे. तक्रार नाही, हेच तिला तपासणीला नेण्याचं कारण आहे. मांजर आजार लपवण्यात पटाईत. चार किलोच्या मांजराचं वजन चारशे ग्रॅमने घटलं तर तिने दहावा हिस्सा गमावला, पण केसांखाली ते घरात कोणाच्याही लक्षात येत नाही. काटा मात्र दाखवतो, फक्त मागच्या वर्षीचा आकडा नोंदलेला हवा. वार्षिक तपासणीचा मुख्य फायदा हाच: प्राणी निरोगी असतानाचे त्याचे स्वतःचे आकडे हाताशी असतात. किडनीचंच बघा. क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) सामान्य मर्यादेबाहेर जाईपर्यंत किडनीचं सुमारे तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. पण याच मांजराचा आकडा दोन वर्षांपूर्वी किती होता हे माहीत असेल तर मर्यादेच्या आतली चढणही दिसते. लघवीची घनता आणि एसडीएमए ही किडनीसाठीची रक्तचाचणी आणखी आधी इशारा देतात.

किती वेळा न्यायचं? पिल्लांना दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. मुख्य लसीचा शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर पडायला हवा. आईकडून मिळालेल्या अँटिबॉडी तोवर लसीला निष्प्रभ करू शकतात, म्हणून लवकर दिलेले डोस पूर्ण धरता येत नाहीत. पुढे मोठेपणी वर्षातून एकदा. साधारण सात-आठ वर्षांनंतर कुत्र्याला, दहा वर्षांनंतर मांजराला सहा महिन्यांनी. अवाढव्य जातींचे कुत्रे लवकर म्हातारे होतात, त्यांना पाच-सहा वर्षांपासूनच. मुख्य विषाणूंच्या लसी मोठेपणी दर तीन वर्षांनी पुरतात. रेबीजची कायद्याप्रमाणे आणि लसीच्या प्रकाराप्रमाणे. लेप्टोस्पायरा या जिवाणूवरची मात्र दरवर्षी. लस नसलेल्या वर्षी तपासणी टाळायची असा याचा अर्थ नाही.

चांगल्या तपासणीत डॉक्टर नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवतात. वजन आणि 1 ते 9 च्या मापावर अंगकाठी (4-5 उत्तम, फासळ्या न दाबता हाताला लागल्या पाहिजेत), हिरड्यांचा रंग, हिरडी दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते का, गाठी, पोट, सांधे, हृदय, कान. दात पूर्ण बघायचे तर ओठ मागे खेचून मागच्या दाढा दिसल्या पाहिजेत, टार्टर (दातांवरचा कडक थर) तिथेच जास्त साठतो. तापमान कुत्र्याचं 38.3 ते 39.2 अंश सेल्सियस; माणसाच्या मानाने हे ताप वाटतील असे आकडे आहेत, म्हणून नाक गरम लागलं की लोक उगाच घाबरतात. घरी नोंदवून नेण्यासारखा एक आकडा आहे: गाढ झोपेतला श्वास. छाती वर-खाली झाली की एक, असे 30 सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला 30 च्या वर वारंवार येत असेल तर वार्षिक तपासणीची वाट बघू नका.

जाताना ताज्या शौचाचा सुपारीएवढा नमुना न्या, चोवीस तासांपेक्षा जुना नको. खोकला, लंगडणं, फिट असं काही असेल तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या, कारण दवाखान्यात प्राणी नेमका ते करत नाही. कानासाठी जायचं असेल तर त्याआधीचे दोन-तीन दिवस कान धुवू नका. धुतलेल्या कानाची सायटॉलॉजी फसवी येते. मांजराचा पिंजरा वर्षातून एकदाच माळ्यावरून खाली आला तर ती पलंगाखाली जाणारच. तो आठवडाभर आधी उघडा ठेवून आत तिचं अंथरूण घाला, आणि वरून उघडणारा असेल तर फार बरं, कारण तळात बसूनच बरीच तपासणी होते. फारच घाबरणाऱ्या मांजरीला निघण्याच्या दोन-तीन तास आधी द्यायची गोळी डॉक्टर लिहून देतात, ती मागायला संकोच नको. रक्ततपासणीसाठी उपाशी ठेवायचं का हे फोनवर विचारा. घरात ससा असेल तर त्याला कधीही उपाशी ठेवायचं नाही, त्याचं पोट थांबलं की जीव धोक्यात येतो. सशाच्या कानात खपल्यांचे थर दिसले तर तेही माइटच, पण वेगळ्या जातीचे. त्या खपल्या ओढून काढू नका, फार दुखतं. औषधाने त्या आपोआप गळतात. आणि फिप्रोनिल हे पिसवांवरचं औषध सशाला कधीही लावायचं नाही.

मांजरीचे कान जवळजवळ कधीच धुवायला लागत नाहीत. बघत राहा, एवढंच. तरुण मांजरीचा एकच कान वाहू लागला तर आत पॉलिप (मांसाची साधी वाढ) असू शकतो, म्हाताऱ्या मांजरीत गाठ. पांढऱ्या मांजरीच्या कानाच्या टोकावर बरी न होणारी खपली दिसली तर उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग असू शकतो. तो सुरुवातीला कापून काढता येतो. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा धोका मांजराच्या मध्यकर्णाला जास्त असतो, तेव्हा कुत्र्याची बाटली तिला वापरू नका.

काही गोष्टी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायच्या: मान एका बाजूला कलणं, डोळ्यांची बुबुळं आपोआप हलत राहणं, गोल गोल फिरणं, तोल जाणं, एका डोळ्याची बाहुली लहान होऊन पापणी झुकणं, अचानक हाकेला ओ न देणं. ही मध्य किंवा आतल्या कानापर्यंत त्रास पोचल्याची लक्षणं आहेत. ड्रॉप्स सुरू केल्यावर यातलं काही दिसलं तर पुढचा डोस घालू नका आणि बाटली सोबत न्या. पाळी उशीसारखी फुगली असेल तर जोरात डोकं झटकून आत रक्त साठलेलं असतं. सुई टोचून ते घरी काढायचा प्रयत्न कोणी करू नये. एक तर ते पुन्हा भरतं, आणि ज्या खाजेने तो डोकं झटकत होता ती तशीच राहते.